ताण किती आहे यापेक्षा तो उतरतो का, ते पाहा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही ३७ वर्षांचे आहात, डोंबिवलीला राहता, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका बँकेच्या ऑपरेशन्स विभागात काम करता आणि आठ महिन्यांपूर्वी टीम लीड झालात. साधारण पाच महिन्यांपासून पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि नंतर झोप लागत नाही. रविवारी दुपारचे जेवण झाले की पोटात गोळा येऊ लागतो. गाडीत दोन वेळा छाती आवळल्यासारखी झाली म्हणून तुम्ही ईसीजी, टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली आणि तिन्ही अहवाल नॉर्मल आले. मुलीवर विनाकारण ओरडता आणि मागाहून वाईट वाटून घेता. पत्नी म्हणते नोकरी सोडा, मित्र म्हणतात टेन्शन घेऊ नकोस, आणि घराचा हप्ता दर महिन्याला जातच असतो. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: हा खरोखर कामाचा ताण आहे की आपणच कमकुवत आहोत, आणि नोकरी सोडावी का.

मला वाटते, या दोन प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न येतो, आणि तो सुटल्याशिवाय पहिल्या दोघांचे उत्तर कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही. ‘ऑफिसचा ताण’ असे आपण एका दमात म्हणतो. पण ऑफिसमधली नेमकी कोणती गोष्ट तुमच्या झोपेत शिरली आहे? कामाचे प्रमाण, कामाची वेळ, एखादा माणूस, नव्या पदाची जबाबदारी की रोजचा प्रवास? यातल्या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे, आणि नेमके कारण न शोधता नोकरी बदलणारी माणसे पुष्कळदा तेच कारण नव्या ऑफिसात सोबत घेऊन जातात.

मी गेली २३ वर्षे कंपनी डॉक्टर म्हणून काम करते आहे. औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये केला. सुरुवातीची वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत गेली आणि पुढची अंधेरी व वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयांत. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलेही नाही. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यातले काही तुमच्या वरिष्ठांच्या स्वभावावर, कंपनीच्या पद्धतीवर आणि तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून राहील. तसे जिथे असेल तिथे मी सांगेन.

आधी शरीराचे पाहू, कारण तिथे घाई करून चालत नाही. स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली म्हणजे आपल्याला स्ट्रेस नाही, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. ती चाचणी पट्ट्यावर चालवून हृदयावर शारीरिक श्रमाचा भार टाकते आणि त्या वेळी हृदयाला रक्तपुरवठा पुरेसा होतो का ते पाहते. मनावरच्या ताणाशी तिचा संबंध नाही. अहवाल नॉर्मल असणे ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यावरून ‘म्हणजे हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असा निष्कर्ष काढू नका. त्या अहवालांत न आलेल्या काही गोष्टी तपासायला हव्यात. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, चिडचिड आणि निद्रानाश हे सारे ताणासारखेच दिसते. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा बी-१२ कमी असेल, जे शाकाहारी माणसांत पुष्कळदा आढळते, तर थकवा आणि लक्ष न लागणे त्यानेही होते. रक्तदाब आठवडाभर घरी, सकाळी उठल्यावर आणि रात्री, शांत बसून मोजा. आणि तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे पत्नीला विचारा, कारण झोपेत श्वास थांबण्याच्या विकारानेही रात्री पुन्हापुन्हा जाग येते आणि दिवस थकव्यात जातो. छातीतले आवळणे स्टेशनचा पूल चढताना आले, विश्रांती घेतल्यावर थांबले, डाव्या हातात किंवा जबड्यात गेले किंवा दरदरून घाम सुटला, तर ‘ताण असेल’ असे म्हणत थांबू नका. आधीचे अहवाल कितीही चांगले असले तरी त्याच वेळी रुग्णालय गाठा.

हे सगळे ठीक निघाले असे धरून पुढे जाते.

ताण ओळखण्याची माझी कसोटी अगदी साधी आहे आणि ती मी पुस्तकापेक्षा कामगारांकडून शिकले. ताण किती आहे हे मी आधी विचारत नाही. तो उतरतो का, हे विचारते. कठीण प्रसंगी शरीर सज्ज होते, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात, हृदय जोरात चालते, पचन मंदावते, लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. यात काहीही रोगट नाही. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली शरीराच्या या प्रतिसादाचे वर्णन केले आणि त्याचे तीन टप्पे सांगितले: आधी इशारा, मग तग धरणे, आणि भार हटलाच नाही तर शेवटी थकून जाणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांमध्ये नेमका फरक पाडते ती विश्रांती. मार्चअखेरच्या क्लोजिंगला पंधरा दिवस रात्री अकरापर्यंत बसणारी माणसे मी पाहिली आहेत. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ती दुपारी तीन तास गाढ झोपतात आणि सोमवारी डबा उघडून हसत बसतात. त्यांच्यावर भार प्रचंड होता, पण तो उतरला. उलट रोज साडेसहाला लॉगआउट करणारा एखादा माणूस वर्षभर दात आवळून झोपतो. काळजी मला त्या दुसऱ्याची जास्त वाटते.

या कसोटीवर तुमच्या तक्रारी ठेवून पाहा. रविवार दुपार हा आठवड्यातला सर्वांत मोकळा वेळ. त्याच वेळी तुमचे शरीर सोमवारच्या तयारीला लागते. पहाटे तीनची जागही याच साखळीतली आहे. कॉर्टिसॉलची पातळी मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत खाली असते आणि रात्रीच्या उत्तरार्धात हळूहळू चढू लागते, म्हणजे सकाळी उठायला शरीर तयार होते. त्या काळात झोप मुळात हलकी असते. एरवी आपण कूस बदलून पुन्हा झोपतो; पण मन आधीच सावध असेल तर त्या हलक्या क्षणी एखादी अर्धवट राहिलेली एंट्री किंवा न दिलेले उत्तर आठवते आणि मग झोप संपते. थोडक्यात, तुमच्यावरचा ताण उतरायचा थांबला आहे, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते.

यात एक गोष्ट तुम्हीच सांगू शकता. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी गेलात तेव्हा तिसऱ्या-चौथ्या रात्री झोप परत आली का? आली असेल तर भार कामाशी किंवा प्रवासाशी बांधलेला आहे आणि शरीराची उतरण्याची शक्ती शाबूत आहे. आठ दिवस गावी राहूनही झोप आली नसेल, आरतीला उभे राहूनही आतून काही वाटले नसेल, तर प्रश्न ऑफिसच्या पलीकडे गेला आहे आणि त्याबद्दल मी पुढे लिहिले आहे.

आता कमकुवतपणाबद्दल. या शब्दाने माणसे किती काळ गप्प बसतात हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लंडनमधल्या सरकारी नोकरांचा एक अभ्यास १९६७ साली सुरू झाला. सगळ्यांची नोकरी पक्की, शहर एक, ऑफिसातले काम. म्हणजे गरिबी किंवा धोकादायक यंत्रे हे कारण नाही. तेव्हा समज असा होता की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा, मोठ्या जबाबदारीचा आजार. निष्कर्ष उलटा निघाला: सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीपेक्षा सुमारे तिप्पट होता. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही सगळा फरक मिटला नाही. मग १९८५ साली मायकल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास सुरू झाला, आणि त्यात ठळकपणे पुढे आलेली गोष्ट म्हणजे कामावरचा ताबा. आपले काम कसे, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचे हे ज्यांच्या हातात कमी होते, त्यांना हृदयविकार जास्त झाला. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने १९७९ सालीच हे सूत्र मांडले होते: मागणी जास्त आणि ताबा कमी, अशी जोडी जिथे असते तिथे माणूस झिजतो. मागणी जास्त पण ताबाही जास्त असेल तर तोच माणूस दमतो, पण शिकतो आणि टिकतो. योहानेस सीग्रिस्ट यांनी पुढे यात आणखी एक भर घातली, की दिलेले श्रम आणि मिळणारा मोबदला, मान व स्थैर्य यांचा मेळ बसला नाही तरी शरीर त्याची किंमत मोजते.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे तेच आहे. टीममध्ये नऊ जागा आहेत, त्यातल्या दोन रिकाम्या आहेत, माणसे कधी मिळणार ते तुमच्या हातात नाही, पण काम वेळेत झाले नाही की एस्कलेशन, म्हणजे वरपर्यंत गेलेली तक्रार, तुमच्या नावाने येते. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही चेकर होता. समोरची एंट्री बरोबर की चूक एवढे तुमच्या हातात होते आणि ते तुम्ही उत्तम करत होता, म्हणूनच बढती मिळाली. आज तुम्ही इतरांच्या चुकांना जबाबदार आहात, पण माणसे नेमणे, कामाचा क्रम ठरवणे, एखाद्या विभागाला ‘उद्या मिळेल’ असे सांगणे यातले काहीच तुमच्याकडे नाही. म्हणजे मागणी वाढली आणि ताबा कमी झाला. स्वभावाने कणखर असलेला दुसरा माणूस त्या खुर्चीत बसवला तर तो कदाचित आठ महिन्यांऐवजी चौदा महिने टिकेल, पण तोही रात्री तीनला जागा होईल. कारखान्यात हे फार स्पष्ट दिसायचे. एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझरच माझ्याकडे ॲसिडिटी आणि रक्तदाब घेऊन यायचे. वरचे व्यवस्थापक कमी यायचे आणि ऑपरेटरही कमी यायचे. सुपरवायझरला उत्पादनाचा आकडा वरून मिळायचा आणि माणसे खालून गैरहजर राहायची. तिथे मी वर्षभर गोळ्या लिहून दिल्या. शेवटी गैरहजेरीच्या दिवशी आकडा किती कमी धरायचा हे सुपरवायझरने ठरवायचे, एवढा एक बदल व्यवस्थापनाने मान्य केला, आणि त्यानंतर माझ्या दारासमोरची त्यांची रांग खरोखर आटली. तेव्हापासून कामाचा ताण म्हटले की मी आधी कामाची रचना पाहते आणि मग माणसाकडे येते.

म्हणून तुमच्यासाठी पहिली गोष्ट: दोन आठवडे एक वही ठेवा. ‘आज फार टेन्शन होते’ असे त्यात लिहू नका, त्याचा उपयोग होत नाही. शरीरात बदल जाणवला की तीन गोष्टी लिहा: वेळ, त्याआधीच्या अर्ध्या तासात नेमके काय घडले, आणि त्या क्षणी ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता. सकाळी उठल्यावर झोपेची एक ओळ. बस. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी अशी वही आणली होती. ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदलते आहे. त्यांची ठाम खात्री होती की कामच जास्त आहे. वही पाहिली तर काम भरपूर असलेले दिवस बरे गेले होते आणि त्या रात्री झोपही लागली होती. वाईट रात्रींच्या आधी जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट होती: संध्याकाळी साडेसहानंतर आलेला, उद्या सकाळी दहाला अहवाल हवा असे सांगणारा मेल. अहवाल अवघड नव्हता. पण तो मेल आज येईल की नाही हे माहीत नसल्यामुळे दुपारी चारपासूनच त्यांचे शरीर वाट पाहत बसायचे. विनंती एवढीच करायची होती की असे अहवाल दुपारी तीनपर्यंत सांगितले जावेत. ती मान्य व्हायला दोन बैठका लागल्या.

वही ठेवताना स्वतःला न दिसणाऱ्या खुणा पत्नीला आणि एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला विचारा. ताण वाढलेला माणूस बहुधा तो शेवटी ओळखतो. तोच मेल तीनदा वाचणे, सोपे काम पुढे ढकलणे, फोन वाजला की दचकणे, सगळ्यांबरोबर डबा खाणारा माणूस टेबलावरच जेवू लागणे, चहाबरोबर सिगारेट किंवा तंबाखू वाढणे, शनिवारी दोन पेग असतील तर बुधवारीही एक लागणे, एरवी कधी न होणाऱ्या बारीक चुका होणे. मानेचे आणि कमरेचे दुखणेही यात येते. तुमच्या बाबतीत मुलीवर ओरडणे ही अशीच खूण आहे. ऑफिसात दिवसभर आवरून धरलेला राग जिथे सुरक्षित वाटते तिथे बाहेर पडतो. तिला एकदा शांतपणे सांगा की बाबा दमले आहेत आणि तुझी चूक नव्हती. मुलांना एवढे कळते.

दोन आठवड्यांनंतर वरिष्ठांशी बोलायचे. येथे पुष्कळ काही तुमच्या साहेबांवर अवलंबून आहे, म्हणून मी तीन शक्यता धरते.

साहेब समंजस पण स्वतःच घाईत असलेले असतील, आणि बहुतेक तसेच असतात, तर बोलण्याची सुरुवात ‘मला खूप ताण आहे’ अशी करू नका. हे लपवण्यासारखे आहे म्हणून नव्हे. ते ऐकून त्यांना काय करायचे ते कळत नाही, म्हणून. मग ते चार दिवस सुट्टी घ्या म्हणतात आणि पाचव्या दिवशी सारे तसेच असते. सुरुवात कामापासून करा. उदाहरणार्थ: “सर, नऊ जणांचे काम सात जण करत आहेत. रोजच्या तीन प्रकारच्या कामांपैकी दोन आम्ही वेळेत आणि चुकीशिवाय देऊ शकतो. तिसरे माणसे येईपर्यंत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिले तर चालेल का? आणि कोणते मागे ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार मला द्याल का?” यात तक्रार नाही, आकडे आहेत, मुदत आहे आणि मागणी एकच आहे. लक्षात घ्या, ती मागणी काम कमी करण्याची नसून ठरवण्याच्या अधिकाराची आहे, कारण दुखणे तिथेच आहे. बोलणे झाले की त्याच दिवशी “आज आपले असे ठरले” असा चार ओळींचा मेल पाठवा. तब्येतीचा उल्लेख करावा का? विश्वास असेल तर एका वाक्यात करा: गेले काही महिने झोप नीट नाही, डॉक्टरांना दाखवले आहे. त्यापुढचा तपशील देण्याची गरज नाही.

साहेब ऐकून घेतात पण त्यांच्याही हातात काही नाही, ही दुसरी शक्यता. मग मेल त्यांच्या संमतीने वर जाऊ द्या. रिकाम्या जागांचा प्रश्न लेखी आकड्यांशिवाय वर सरकत नाही, हे मी बैठकांत बसून पाहिले आहे. तिसरी शक्यता म्हणजे साहेबच कारण आहेत: सगळ्यांसमोर अपमान, अपशब्द, रात्री अकराला फोन, मुद्दाम माहिती अडवणे. तिथे वरचे संभाषण उपयोगी पडत नाही. तारीख, वेळ, शब्द आणि समोर कोण होते याची नोंद ठेवा आणि एचआरकडे तोंडी न जाता लेखी जा. वाचणाऱ्यांत कोणी स्त्री असेल आणि त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तक्रार तिथे करावी.

प्रवासाबद्दल बोलल्याशिवाय मुंबईत ताणाचे कोणतेही उत्तर पुरे होत नाही. तुम्ही सकाळी सव्वासातला घर सोडता आणि रात्री साडेनऊला परतता. अशा माणसाला पहाटे पाचला उठून योगासने करा असे सांगणे मला योग्य वाटत नाही, कारण ती वेळ झोपेतूनच काढावी लागेल आणि तुम्हाला आज सर्वांत जास्त गरज झोपेची आहे. मी तीन गोष्टी सुचवते. ऑफिसची वेळ एक तास मागे किंवा पुढे घेता येते का ते विचारा. गर्दीची ती एक गाडी टळली तरी शरीराला मोठा फरक पडतो. शक्य असेल तर डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो गाडी धरा. वीस मिनिटे जास्त लागतील, पण बसायला मिळण्याची शक्यता वाढते. आणि परतीच्या गाडीत ऑफिसचे मेल उघडू नका. बरेच जण तिथेच उद्याची निम्मी कामे उरकतात आणि त्यामुळे घरी पोचेपर्यंत ऑफिस सुटतच नाही. कुर्ल्याला गाडीत चढलो की आजचे काम संपले, अशी एक रेघ ओढा.

गाडीत छाती आवळली तेव्हा, हृदय ठीक असल्याचे कळले आहे म्हणून सांगते, तो बहुधा घबराटीचा झटका होता. असा झटका साधारणपणे दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग उतरतो, आपण काही केले नाही तरी उतरतो. त्या वेळी खोल श्वास घेण्याची धडपड करू नका. जोरात श्वास घेतल्याने हातपाय आणखी बधिर होतात आणि चक्कर येते. श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, आणि खिडकीतून दिसणाऱ्या स्टेशनांच्या पाट्या मनात वाचत राहा. फारच वाटले तर पुढच्या स्टेशनला उतरा, पाणी प्या आणि पुढची गाडी पकडा. मात्र त्या दिवसापासून लोकलच टाळायची, असे करू नका. टाळलेली जागा मनात मोठी होत जाते आणि मग ती गाडी, ते स्टेशन, तो डबा सगळेच बंद होऊ लागते.

संध्याकाळच्या सवयींबद्दल थोडक्यात. चारनंतर चहा-कॉफी नको, कारण घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायलाच सुमारे पाच तास लागतात. झोप यावी म्हणून मद्य घेऊ नका; त्याने झोप लवकर लागते पण नेमकी रात्रीच्या उत्तरार्धात मोडते, आणि तुमची झोप आधीच तिथे मोडते आहे. निजण्याआधी पाच मिनिटे उद्याची कामे कागदावर लिहा. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ५७ तरुणांवरच्या एका प्रयोगात, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण माझ्याकडे येणाऱ्यांचा अनुभवही तसाच आहे, आणि कागदाला खर्च नाही. तीनला जाग आलीच तर घड्याळ पाहू नका, मोबाइल तर नकोच; वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा आणि डोळे जड झाले की परत या.

आता ते, जे मी पुढे लिहीन म्हटले होते. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास असेल किंवा आधी आवडणाऱ्या गोष्टींत काहीच रस वाटत नसेल, आणि त्याबरोबर भूक, झोप, एकाग्रता बिघडली असेल, स्वतःविषयी तिटकारा वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार घ्यायला हवेत. बर्नआउट हा शब्द आता सगळेच वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात तो कामाशी संबंधित स्थिती म्हणून नोंदलेला आहे, आजार म्हणून नाही. त्यात पराकोटीचा थकवा, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना या तीन गोष्टी येतात. नैराश्य मात्र आजार आहे आणि ते औषधांनी व समुपदेशनाने बरे होते. ‘मला बर्नआउट झाले आहे’ असे म्हणत नैराश्य महिनोन्‌महिने अंगावर काढलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हा फरक सांगते. आपण नसतो तर बरे झाले असते, असा विचार एकदाही आला असेल, किंवा फलाटावर उभे असताना नको ते मनात आले असेल, तर वही, मेल, साहेब सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. केईएम, नायर आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मानसोपचाराचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. गर्दी असते, सकाळी लवकर जावे लागते, पण तपासणी नीट होते.

कंपनीला कळेल का, ही भीती प्रत्येक जण माझ्यासमोर बोलून दाखवतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क देतो, आणि त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांच्या उपचारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची तरतूद करणे बंधनकारक केले आहे. तुमच्या बँकेने बाहेरची समुपदेशन सेवा ठेवली असेल तर पहिल्याच फोनवर विचारा: माझे नाव, भेटींची संख्या किंवा विषय यातले काय काय कंपनीकडे जाते? चांगली सेवा याचे स्पष्ट उत्तर देते. ते गोलमोल आले तर बाहेरचे डॉक्टर पाहा.

राहिला राजीनामा. माझे मत असे आहे की झोप बिघडलेली असताना एवढा मोठा निर्णय घेऊ नये, कारण पहाटे तीनला प्रत्येक रस्ता बंदच दिसतो. सहा आठवडे घ्या: दोन वहीसाठी, एक बोलण्यासाठी, तीन बदल होतो का ते पाहण्यासाठी. दरम्यान आठवड्याचे तास मोजा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. तुमचे तास सातत्याने त्याच्या वर असतील आणि सहा आठवड्यांनंतरही कोणी काही बदलायला तयार नसेल, तर नोकरी बदलणे हा वैद्यकीय दृष्टीनेही रास्त निर्णय ठरेल. सहा आठवडे थांबण्याला अपवाद दोन: रोज अपमान होत असेल, किंवा तुमच्या डॉक्टरांनी आताच दूर व्हा असे सांगितले असेल.

पत्नी राजीनामा द्या म्हणते तेव्हा तिला तुमची तब्येत दिसते आणि तुम्हाला हप्ता दिसतो, म्हणून तुमचे बोलणे दर वेळी तिथेच अडते, असा माझा अंदाज आहे. या रविवारी दुपारी, पोटात गोळा येण्याच्या त्याच वेळेला, दोघे कागद घेऊन बसा. घरखर्च, हप्ता, मुलीची फी आणि विम्याचे हप्ते महिन्याला किती, हातात बचत किती, आणि पगार थांबला तर ती किती महिने पुरेल, हे मांडा. नोटीस पीरियड किती आहे तेही लिहा. आकडा तीन महिन्यांचा निघाला तर काय करायचे आणि आठ महिन्यांचा निघाला तर काय, हे दोघांनी मिळून ठरवा. साहेबांशी बोलायला जाल तेव्हा तो कागद खिशात असू द्या. तो त्यांना दाखवायचा नाही. पण सगळे या एका बोलण्यावरच टांगलेले नाही, हे तुम्हाला माहीत असले की आवाज आपोआप स्थिर राहतो.